बहात्तरची कुंडी

खैरबावात आजवर पडलेले सगळे दुष्काळ कुंड्यांत ठेवलेले आहेत, आणि त्यांतला बहात्तर सालचा दुष्काळ मारुती गल्लीतल्या वीरकरांच्या गच्चीवर आहे.

पूर्वी ते रांजणात ठेवत. पण रांजण म्हणजे शेवटी मातीच. त्याला केसाएवढी चीर गेली तरी आसपासच्या विहिरी आठ दिवसांत तळाला जायच्या आणि मग लोक चुना घेऊन चीर शोधत फिरायचे. पुढे नगरपंचायतीच्या जतन खात्याला अडेनियम सापडलं. हे झाड माणसाच्या मांडीच्या वर जात नाही. शेंड्याला मूठभर पानं, आणि खाली खोड असं फुगलेलं, की याने काहीतरी गिळलं आहे आणि ते पचत नाही असं वाटावं. खैरबावात त्या फुगवट्याला पोट म्हणतात. मूळचं वाळवंटातलं असल्यामुळे हे झाड पोटाच्या भरवशावर महिनोन्महिने कोरडं काढतं. खात्याने तोच गुण हेरला आणि एकेक साल एकेका झाडात हलवलं. दुष्काळ मोजके आणि घरं जास्त, म्हणून काही घरांना नुसती टंचाई मिळाली. टंचाईवाले बिचारे मान खाली घालून असतात. बहात्तरवाल्यांचं तसं नाही. वीरकरांच्या घरात मुलगी द्यायची तर पाहुणे मुलाच्या आधी गच्चीवर जाऊन झाड बघून येत.

वैजयंता या घरात सून म्हणून आली त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिचा नवरा तानाजी तिकडे सेलमला गलाईच्या दुकानात सोनं गाळतो आणि दिवाळीला घरी येतो. मुलगा कोल्हापूरला शिकतो. घरात उरल्या दोघी, वैजयंता आणि तिची सासू गोदाबाई. लग्नाची हळद उतरायच्या आत गोदाबाईंनी सुनेला गच्चीवर नेलं, झाड दाखवलं आणि म्हणाल्या, "आजपासनं हे तुझं. मला ह्याच्यापाशी बसवत न्हाई." वैजयंताला वाटलं, सासूबाईंची कंबर दुखत असेल.

झाडाचं करणं तसं अवघड नाही, फक्त हात आखडता लागतो. कुंडी पसरट हवी आणि उथळ. तिच्यात जाड वाळू, विटांचा चुरा, थोडा कोळसा, नावापुरतं शेणखत. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, एक फुलपात्र, त्यावर थेंब नाही. पाऊस आला की कुंडी ओढून पत्र्याखाली घ्यायची, कारण झाडाने पाऊस पाहिला की आतला दुष्काळ उठून बसतो. एक वर्षाआड झाड उपटून मुळं छाटायची, छाटलेल्या जागी हळद दाबायची, आठ दिवस सावलीत सुकवायचं आणि परत लावताना पोट इंचभर वर घ्यायचं. त्याचा पांढरा चीक विषारी असतो, म्हणून नंतर हात साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत. यातलं सगळं वैजयंता डोळे मिटूनही करू शकली असती.

आणि रोज सकाळी पोटाला कान लावून ऐकायचं. टंचाईच्या झाडातून फार तर रिकाम्या बादलीचा आवाज येतो. बहात्तरच्या पोटातून हातोड्यांचा येतो. त्या साली सगळं खैरबाव तळ्याच्या कामावर खडी फोडायला बसलं होतं, तो हा आवाज. टक्, टक्, टक्, शेकडो हातोडे, पुढेमागे. तो आवाज म्हणजे साल आत सुखरूप आहे याची खूण. सत्तावीस वर्षांत तो थांबलेला वैजयंताने एकदाही ऐकला नव्हता.

दर वर्षी चैत्रात जतन खात्याचे दिगंबर अवघडे तपासणीला येत. किडकिडीत माणूस, खिशाला दोन पेनं, आणि डाव्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलेलं, कारण त्या अंगठ्याने त्यांना खैरबावातली सगळी पोटं दाबायची असत. अंगठा दाबून ते रजिस्टरात "घट्ट" असं लिहीत, मग कान लावून "आवाज चालू" असं लिहीत, मग चहा घेत. चहात साखर कमी.

या वर्षी त्यांनी अंगठा दाबला आणि तो आत गेला. फार नाही, नखापर्यंत. अवघड्यांनी तो बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि रुमालाला पुसला.

"वैजयंताताई, पाणी किती घालता?"

"पंधरा दिवसाला फुलपात्र. तुम्हाला माहीत आहे की."

"हे झाड रोज तांब्याभर पितंय," अवघडे म्हणाले. "महिनाभर तरी पितंय."

त्यांनी रजिस्टरात "मऊ" असं लिहिलं. हा शब्द त्यांनी नोकरीत दुसऱ्यांदा लिहिला होता. मग दोघांच्या मनात एकच गोष्ट आली, ती म्हणजे कुंभार आळी.

सहा वर्षांपूर्वी कुंभार आळीतलं सत्त्याऐंशी सालचं झाड सडलं होतं. सांभाळणारं कुटुंब लेकीच्या बाळंतपणाला गेलं आणि शेजारणीने माणुसकी म्हणून रोज पाणी घातलं. पोट कुजलं, फुटलं, आणि साल बाहेर आलं. एकवीस दिवस त्या आळीत सत्त्याऐंशी होतं. बोळात हाडं निघालेली जनावरं उभी होती आणि नळाला हवा येत होती. एवढ्याने कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण त्या साली वारलेली माणसंही आपापल्या घरी येऊन बसली. सोपान गलांड्यांचे वडील ओसरीवर आले, बिडी मागितली, नातवंडांची नावं विचारली. सोपानने त्यांची दाढी करून दिली. एकोणिसाव्या दिवशी ते पुन्हा वारले, त्याच तापाने, त्याच वेळेला, तोच मोसंबीचा रस मागत. त्या आळीत त्या वर्षी अकरा माणसं गेली होती, ती अकराही पुन्हा गेली. काही केल्या एकही वाचलं नाही. पहिल्यांदा रडताना माणसाला निदान शेवट माहीत नसतो.

आणि सत्त्याऐंशी एका आळीचं होतं. बहात्तर अख्ख्या गावाचं होतं, आणि त्यात मुलंच बेचाळीस होती.

"आजच कापावं लागेल," अवघडे म्हणाले. "कापून सुकवू. आठ दिवसांत जखम धरली तर धरली. नाही धरली, तर मला गावात दवंडी द्यावी लागेल."

त्यांनी चाकू मेणबत्तीवर धरला आणि झाड उपटून मऊ भाग खरवडायला घेतला. तपकिरी लगदा निघत गेला. त्याला कुजकट वास यायला हवा होता, पण वास आला तापलेल्या दगडांचा आणि त्या साली कामावर वाटत त्या सुकडीचा. पांढरा, कोरडा गर लागला तेव्हा अवघडे थांबले. पोटाला मुठीएवढं भोक पडलं होतं. आत बघायचं नसतं, म्हणून दोघांनीही पाहिलं नाही. कडेला हळद दाबून त्यांनी झाड उलटं केलं, मुळं वर आणि शेंडा खाली, आणि पत्र्याच्या शेडच्या वाशाला सुतळीने टांगलं. अडेनियम असंच सुकवतात.

"आठ दिवस गच्चीला कुलूप," ते म्हणाले. "भोक उघडं आहे. थोडंफार झिरपणारच. घाबरू नका, पण शेजारी कुणाला बोलवूही नका." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

वैजयंताने कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. पाणी कोण घालतंय हे तिला शोधावं लागणार नव्हतं. वीरकरांना अंगण नाही, त्यांची तुळस गच्चीवर आहे. रोज सकाळी अंघोळ झाली की गोदाबाई ओल्या केसांनी तांब्या घेऊन वर जात आणि तुळशीला पाणी घालून येत. अलीकडे त्यांना यायला उशीर होत होता. म्हातारीचे गुडघे, असं समजून वैजयंता खाली भाकरी थापत होती. सत्तावीस वर्षं ती झाडाचं पोट जपत होती आणि चार हातांवरची तुळस तिच्या ध्यानात आली नव्हती. तिला स्वतःचाच राग आला.

त्या दिवशी ती सासूला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी झिरपायला लागलं.

गल्लीत सगळ्यांना पाणी आलं, वीरकरांचा नळ खोकून गप्प झाला. शेजारून आणलेली घागर दुपारपर्यंत बोटभर उतरली, आणि दोघींपैकी कुणी प्यायलं नव्हतं. पिठाचा गोळा मिळून येईना. तिसऱ्या दिवशी वैजयंताने शाळू ज्वारीचं पांढरंशुभ्र पीठ घेऊन भाकरी थापली आणि तव्यावर ती लाल झाली. करपली नव्हती, लाल झाली होती. त्या साली परदेशातून मिलो नावाची लाल ज्वारी आली होती आणि गावाने ती वर्षभर खाल्ली होती, हे वैजयंताने ऐकलं होतं. गोदाबाईंनी भाकरीकडे पाहिलं, तुकडा मोडला आणि मीठ लावून खाल्ला. त्यांना ती चव ओळखीची होती. वैजयंताने आपला घास परत ताटात ठेवला.

"आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्ही का घातलंत?"

गोदाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांचा तो स्वभाव नव्हता.

"माझी हौसा हाय तिथं," त्या म्हणाल्या.

वैजयंता सत्तावीस वर्षांत हे नाव पहिल्यांदा ऐकत होती. तानाजीला एक मोठी बहीण होती हे तिला माहीत होतं, ती लहानपणी गेली एवढंच. घरात फोटो नव्हता, त्यामुळे नावही नव्हतं.

"पाच वर्साची हुती," गोदाबाई म्हणाल्या. "मी खडी फोडत बसलेली, ती माझ्या सावलीत. वैशाखातलं ऊन. मला म्हणली, आये, पाणी. पाणी लांब, पार टेकाडाच्या पलीकडं पिंपात. मी म्हणलं, सुट्टी हुऊ दे बाई, मग आणती. तर त्या दिवशी मुकादमानं सुट्टीच दिली न्हाई. म्हणला, ढीग मापात भरल्याबिगर कुणी उठायचं न्हाई, उठंल त्याचं नाव कटणार. मी उठले न्हाई. उठायला पायजे हुतं. ढीग भरला तवा ती झोपली हुती. मला वाटलं, झोपलीया."

त्यांनी पदराने ओठ पुसले. डोळे कोरडे होते, कारण त्या घरात तेव्हा कुणाचेच डोळे ओले होऊ शकत नव्हते.

"म्हणून तुम्हाला ती बाहेर यायला पाहिजे," वैजयंता म्हणाली, आणि तिचा आवाज तिला हवा होता त्याहून कडक निघाला. "सोपानभाऊंचं काय झालं, बघितलंत ना?"

"मला काय येड लागलंय का?" गोदाबाई म्हणाल्या. "भाईर आली तर परत मरंल. मला ती भाईर नगं. मला नुसतं पाणी पोचवायचं हुतं. मुळांत घातलं की जाईल आत, असं वाटलं. जात न्हाई. कातडंच कुजतंय. महिनाभर घातलं, एक घोट पोचला न्हाई तिच्यापतुर." मग त्या सुनेच्या कमरेकडे बघत म्हणाल्या, "आता भोक पडलंय. किल्ली दे."

वैजयंताने किल्ली दिली नाही. तिच्या नावाने ते झाड होतं. तिच्या सहीवर गाव पाणी पीत होतं. म्हातारीच्या हातून भोकाची कड फाटली तर बेचाळीस घरांत एकेक मूल येऊन बसेल, आणि प्रत्येक आईला ते दुसऱ्यांदा न्यावं लागेल. ती उठली आणि लाल भाकऱ्या दुरडीत भरत राहिली. सासूचं वाईट वाटत होतं, पण गावाची भीती जास्त होती.

पाचव्या दिवशी जखम बघायला ती एकटी वर गेली. भर दुपार होती. शेडमध्ये झाड उलटं लटकत होतं आणि वारा नसताना सावकाश फिरत होतं. भोकाच्या कडा आत वळू लागल्या होत्या. दोन दिवसांत मिटल्या असत्या. हातोडे आता कान न लावता ऐकू येत होते, नुसते शेडमध्ये उभं राहिलं तरी. टक्, टक्, टक्. वैजयंताने हळदीचं बोट पुढे केलं, आणि हातोड्यांच्या मध्ये, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं,

"आये, पाणी."

तक्रारीचा सूर नव्हता. एकदा मागून मिळालं नाही की मूल दुसऱ्यांदा जसं हळूच मागतं तसं होतं. वैजयंता तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने ते पुन्हा आलं, तसंच. ते किती वर्षं चाललं असेल याचा विचार तिच्या डोक्यात आला आणि तिने तो तिथेच थांबवला. ती खाली आली, चपला घातल्या आणि नगरपंचायतीत गेली.

अवघडे डबा खात होते. तिला बघून त्यांनी झाकण लावलं.

"फुटलं का?"

"नाही. कडा धरतायत," ती म्हणाली. "मला एक नियम विचारायचाय. झाडातून माणूस बाहेर आलं तर नियम आहे. बाहेरचं माणूस आत गेलं तर?"

अवघड्यांनी हात धुतले, कपाटातून नियमांची पुस्तिका काढली आणि बोट ओलं करून पानं उलटली. अर्धं पुस्तक त्यांनी वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत.

"बाहेर येऊ द्यायचं नाही, हा अकरावा नियम," ते म्हणाले. "आत जाण्याबद्दल काही नाही. तशी मनाईही नाही. बहुधा कुणाला वाटलंच नसावं की कुणी जाईल."

"आणि बरोबर पाणी नेलं तर?"

"किती?"

"एक तांब्या."

"पाणी नियमात आहे. पंधरा दिवसाला फुलपात्र." अवघड्यांनी टेबलावर बोटाने गोल काढले. "तांब्यात फुलपात्रं चार धरली, तर दोन महिन्यांचं झालं. मग पुढे दोन महिने बाहेरून थेंब घालायचा नाही. मात्र गेलेलं माणूस भोक धरल्यावर आतच राहणार. परत यायचं म्हटलं की अकरावा नियम लागला." पुस्तिका मिटून ते म्हणाले, "कोण जाणार, हे मी विचारत नाही. तपासणीला आठव्या दिवशी येतो. पोट घट्ट लागलं पाहिजे आणि आवाज चालू पाहिजे. त्याला माझा इलाज नाही."

घरी येऊन वैजयंताने सगळं सासूला सांगितलं, जसंच्या तसं, आत गेलेल्याला परत येता येणार नाही हेसुद्धा. गोदाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"मुकादम असंल तिथं," त्या म्हणाल्या.

"असेल."

"मागल्या टायमाला मी एकवीस वर्सांची हुते. भीत हुते त्याला." त्या चुटकीभर तंबाखू मळत होत्या, ती त्यांनी तोंडात टाकली. "आता काय, माझं नाव कुठल्या हजेरीत हाय? काय कटणार हाय?"

वैजयंताने कमरेची किल्ली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग तिला राहवलं नाही आणि ती म्हणाली, "आत्याबाई, मला एकटीला घर खायला उठेल." एवढं उघड ती सासूशी कधी बोलली नव्हती.

"उठंल," गोदाबाई म्हणाल्या. "मग सवय हुईल. कोरड्यासात मीठ कमी घालत जा, तुला बीपी हाय." 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या निघाल्या. नऊवारीचा काष्टा त्यांनी आवळून घेतला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली, त्या काळी बायका खडीच्या पाट्या उचलायला ठेवत तशी. तांब्या वैजयंताने स्वतः घासला, चिंचेने, आणि शेजारून आणलेल्या घागरीतलं पाणी गाळून काठोकाठ भरला. घरात पाणी टिकत नव्हतं म्हणून त्याच्या तोंडावर ओलं फडकं बांधलं. गोदाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. तानाजीला फोन लावू का, असं वैजयंताने विचारलं. "त्येला सांग, सावकाश सांग," त्या म्हणाल्या, आणि एकेक पायरी चढत वर गेल्या. वैजयंता जिन्याच्या तळाशी थांबली. आत बघायचं नसतं, आणि जाणाऱ्याला पाठीमागून हाक मारायची नसते.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग चपला काढल्याचा. मग काहीच नाही, नुसते हातोडे, ते आता जिन्यापर्यंत येत होते. मग एका पुरुषाचा ओरडण्याचा आवाज आला, लांबून, उघड्या माळावरून यावा तसा. तो कुणाला तरी खाली बस म्हणत होता. त्याला एका बाईने उत्तर दिलं. काय दिलं ते वैजयंताला नीट कळलं नाही, पण आवाज म्हातारीचा होता आणि उत्तर शिवीने सुरू झालं होतं. गोदाबाई शिवी देतात हे तिला माहीत नव्हतं.

ती वर गेली तेव्हा शेडच्या तोंडाशी चपलांचा जोड होता, बोटं आतल्या बाजूला वळलेली. तांब्यावरचं ओलं फडकं खाली पडलं होतं. झाड फिरायचं थांबलं होतं. भोक मिटलं होतं आणि त्यावर पातळ, कोरडी खपली धरली होती. वैजयंताने फडकं उचललं, पिळलं आणि तारेवर वाळत घातलं. थोड्या वेळाने खाली नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, तेव्हा तिला रडू आलं. ते भरपूर आलं.

आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, अवघडे आले. दोघांनी मिळून झाड सोडवलं, नव्या वाळूत लावलं आणि पोट इंचभर वर घेतलं. अवघड्यांनी अंगठा दाबला. मग जखमेच्या जागी दाबला. मग टेप काढून घेर मोजला.

"घट्ट," ते म्हणाले. "घेर दोन बोटं वाढलाय." त्यांनी तसं लिहिलं. मग गुडघे टेकून त्यांनी पोटाला कान लावला.

त्यांचं पेन कागदावर टेकलं नाही. ते तसेच ऐकत राहिले. भिंतीवरच्या पालीने एक माशी पकडली, खाली भंगारवाला ओरडत गेला.

"वैजयंताताई," ते हळू आवाजात म्हणाले. "आवाज नाही."

वैजयंताने दुसऱ्या बाजूने कान लावला. सत्तावीस वर्षं रोज ऐकलेले हातोडे नव्हते. एकही नव्हता.  साल आत नसेल तर ते बाहेर आहे. ती गल्लीचा कानोसा घेऊ लागली, कुठे कुणी लहान मूल रडतंय का.

मग तिला पोटातून दुसरं काही ऐकू आलं. फार हळू होतं. माणसं पालं ताणून सावलीला बसतात तशी सळसळ, कुणीतरी भाकरीचं फडकं सोडल्याचा आवाज, एका बाईचं हसणं. आणि अगदी सालीच्या लगत, घट्, घट्, घट्, कुणीतरी तांब्याला तोंड लावून पीत होतं. श्वास घ्यायला थांबलं, पुन्हा प्यायलं.

"आता लगीच पळू नगंस," आत कुणीतरी म्हणालं. "बस वाईच."

अवघडे घड्याळाकडे बघत होते. साडेबारा वाजून गेले होते. तसेच वाकून दोघं थांबली, त्यांची मान अवघडली तरी. एकच्या ठोक्याला आत शिट्टी वाजली, आणि एक हातोडा पडला, मग दुसरा, मग सगळे. टक्, टक्, टक्, पुढेमागे.

अवघडे उठले, गुडघे झटकले.

"जेवणाची सुट्टी झाली होती," ते म्हणाले. त्यांनी रजिस्टराची मागची पानं चाळली, थेट पहिल्या वर्षापर्यंत. "ह्या सालाला सुट्टीची नोंद नाही कुठे."

"आता घाला," वैजयंता म्हणाली.

त्यांनी घातली. "आवाज चालू, दुपारी अर्धा तास सुट्टी," असं लिहून त्यांनी पुढच्या रकान्यात घरातल्या माणसांचा आकडा विचारला, आणि ती एक म्हणाली तेव्हा मान न वर करता एक लिहिलं. मग ते खाली आले आणि त्यांनी चहा घेतला.

पुढचे दोन महिने वैजयंताने झाडाला थेंबभर पाणी घातलं नाही, ते आत गेलेलंच होतं. तुळशीला मात्र आता ती रोज घालते, दुसऱ्या तांब्याने. तानाजीला तिने सावकाश सांगितलं. त्याने फोनवर एवढंच विचारलं की झाड उन्हात आहे ना. ती जेवायला पूर्वी कधीही बसायची, काम उरकलं की. आता साडेबाराला ताट वाढून घेऊन गच्चीवर जाते, कुंडीशेजारी बसते, आणि हातोडे थांबले की पहिला घास घेते.